बोटभर वर, बोटभर खाली

मोटारसायकलला पुढे काच बसवली आणि ह्यांना वेडच लागलं. रविवारी काच कधी बोटभर वर, कधी बोटभर खाली करायची, मला मागे बसवून हायवेवर चक्कर मारायची आणि विचारायचं, "आता वारा लागतो का गं?" शेवटी एकदा मी म्हटलं, "आता मुळीच नाही." त्यानंतर काचेला हात लावला नाही.

परवा ह्यांचं मनगट मुरगळलं, म्हणून गाडी मी चालवली, हे मागे. वारा हेल्मेटवर असा आदळायला लागला की कानठळ्याच बसल्या. गाडी थांबवून मी ओरडले, "अहो, हा गोंगाट कसा सहन करता तुम्ही?"

हे मागे खुशीत हसत होते. "मागे खरंच शांत असतं गं! मला वाटायचं, माझं मन राखायला म्हणतेस."