न पोचलेला दुसरा अंक

मानपत्र ऐकता ऐकता रेवती डोंगरदिवेची कानशिलं तापली. उगवत्या नाटककाराचा यंदाचा पुरस्कार तिला होता, आणि मुख्य परीक्षक तिच्या दुसऱ्या अंकावर असं काही बोलत होते की पहिल्या रांगेतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

"त्यातला बापलेकीचा प्रसंग वाचताना मी तीनदा रडलो. चष्मा काढून रडलो!"

तो दुसरा अंक रेवतीच्या पिशवीत होता. तिन्ही प्रती, सुतळीसुद्धा न सुटलेल्या. सकाळीच झेरॉक्सवाल्याने हाक मारून दिल्या होत्या, "ताई, मार्चपासून इथंच पडलंय की हे!" घाईत तिने नुसता पहिला अंक पाठवला होता. चूक कबूल करून पुरस्कार परत द्यायचा, म्हणून ती वाटभर रडत आली होती. आणि इथे हे! तिच्या नाटकातला बाप तर पहिल्या पानावरच मेलेला.

"ये बाळ," परीक्षकांनी सन्मानचिन्ह पुढे केलं. "दोन शब्द बोल. दोनच हं."

रेवतीने सन्मानचिन्हाला हात लावला नाही. दातांनी सुतळी तोडली आणि तिन्ही परीक्षकांच्या पुढ्यात एकेक प्रत आदळली.

"घ्या सर, चष्मा लावा. रडलात ते पान तेवढं वाचून दाखवा. आम्ही सगळे थांबतो."

ही गोष्ट गेल्या दिवाळीआधीची. परीक्षक अजून पानं उलटतायत, आणि सभागृहातून एकही माणूस उठलेला नाही.