चुकणाऱ्या मुंग्या

मुंग्या वास धरून साखरेपर्यंत पोचतात, तशा ऋतुजाने संगणकात प्रोग्रॅमच्या मुंग्या सोडल्या होत्या. टॉवेलच्या फोटोत जिथे धागा तुटलेला असेल, तिथे त्यांनी गोळा व्हायचं, असा तिचा एम.टेक.चा प्रकल्प. उत्तर पडताळायला कागदावर छापलेल्या दोनशे फोटोंवर तिच्या आईने, मुक्ताबाईने, पेनाने खुणा करून दिल्या होत्या. मुक्ताबाई वीस वर्षं चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यात टॉवेल तपासत होती. तिच्या हातून खराब माल कधी पुढे गेला नव्हता.

पण पाच महिने झाले तरी मुंग्या भलतीकडेच जमत होत्या. ऋतुजाने प्रोग्रॅम चार वेळा मोडून नव्याने लिहिला. शेवटी तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, "हे काही जमणारं दिसत नाही. विषय बदला."

त्या दिवशी कुंभारीला घरी येऊन ती चिडून बसली आणि एकेक फोटो मोठा करून स्वतःच बघू लागली. तुटलेले धागे मुंग्यांनी दाखवले तिथेच होते. खुणाच चुकल्या होत्या, दहातल्या सात.

"आई, माझे पाच महिने वाया गेले," ती म्हणाली. "कारखान्यात तुझी एक चूक निघत नाही, मग इथेच कशा निघाल्या?"

मुक्ताबाईने खुणा केलेला एक फोटो उचलून बोटांनी चाचपला.



"तितं मी बोटांनी तपासती, बाळा. वरीस झालं, डोळ्याला धागा दिसतच न्हाय."