घरून न होणारं काम

"अहो, आजही जायचंच का?" बायकोने कानातला इअरफोन काढून विचारलं. तिच्या स्क्रीनवर चार माणसं ताटकळली होती.

"जायलाच हवं. आज साहेब ठरवणार, मला कायम करायचं की नारळ द्यायचा."

"घरून होण्यासारखं काहीतरी शोधा ना. सगळं जग घरात बसून पोट भरतंय."

"हे काम घरून होत नाही," तो म्हणाला आणि त्याने आजोबांची चामड्याची बॅग उचलली.

स्वयंपाकघरात मेव्हणा ओट्यावर लॅपटॉप मांडून बसला होता. "निघाली स्वारी," त्याने मान न वळवता टोमणा मारला. ते कानाआड करून तो बाहेर पडला. किती ठिकाणी नकार पचवल्यावर ही नोकरी मिळाली होती. काही झालं तरी ती हातची जाऊ द्यायची नव्हती.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. बस वेळेवर आली. आत तो एकटाच.

तो लवकर पोचला. मन घट्ट करत बराच वेळ जिन्याखाली उभा राहिला. मग धावत वर गेला. ऑफिसात शिरला तेव्हा धाप लागली होती आणि टाय एका बाजूला गेला होता. शेजारच्या टायपिस्टने घड्याळाकडे बघून भुवया उंचावल्या. समोरची काचेची भिंत लख्ख पुसलेली होती. तिकडे त्याने पाहिलं नाही. साहेबांचा पहिला नियमच तो: लक्ष कामात, काचेबाहेर नाही.

"पुन्हा उशीर?" साहेब कडाडले.

"बस चुकली, साहेब."

"रोज बरी चुकते! ऑफिस म्हणजे धर्मशाळा वाटली का?"

"पुन्हा नाही होणार, साहेब."

साहेब तासत असताना नजर टेबलावर ठेवायची, असं आजोबा सांगायचे. त्याने ठेवली. बॅग धरून तो जागचा हलला नाही. आज माघार नाही.

साहेबांनी फाइल टेबलावर आपटली आणि वाकून हळूच पुटपुटले, "उत्तम. उद्यापासून तू कायम."

त्याला नाचावंसं वाटलं. त्याने मान खालीच ठेवली.

काचेपलीकडून एका शिक्षिकेचा आवाज आला. "नाकं लावू नका रे काचेला. पूर्वी माणसं रोज अशी घराबाहेर कामाला जायची. चला, पुढच्या दालनात टपालपेटी आहे."

"बाई," एका मुलीने विचारलं, "त्यांना घरं नव्हती का?"