पालथी चिठ्ठी

“चिठ्ठी पालथी ठेव. पहिले पेशी पाह्य, मग नाव.”

गंगाधर सरांना जाऊन सहा वर्षं झाली, तरी सूक्ष्मदर्शकापुढे बसलं की निवेदिताच्या कानात ते वाक्य येतंच. आज मात्र चिठ्ठी सुलटी पडली होती. गोदावरी, वय बावन्न, बूढापारा.

काल गोदावरीमावशींच्या गळ्यातल्या गाठीत सुई तिनेच घातली होती. दर गुरुवारी पोथीला शेजारी बसणारी ही बाई. पदराने गळा टिपून एवढंच म्हणाली, “निवू, जे असन ते तूच घरी येऊन सांगजो. फोनवर नको. अन् पहिले मले, मग माह्या पोट्टीले.”

“येते मावशी. उद्याच येते.”

तेच मनात धरून निवेदिता त्या गाठीतल्या पेशींची काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होती. दोन पेशींच्या केंद्रकात खिडकीसारखी फिकट पोकळी दिसली आणि तिचा जीव भांड्यात पडला. पॅपिलरी. थायरॉइडच्या कर्करोगांतला त्यातल्या त्यात सौम्य. गाठ काढली की बहुतेक बाया पुढे नातवंडं खेळवतात. तिने तसं लिहून टाकलं.

“अच्छा वाला है ना, दीदी?” काचा रंगवणाऱ्या भावनाने विचारलं.

हो म्हणता म्हणता निवेदिताची नजर सुलट्या चिठ्ठीवर गेली.

“भावना, कालच्या सगळ्यांच्या दुसऱ्या काचा आण. नावांवर कागद चिकटव. कोणती कोणाची, मले सांगू नको.”

“क्यों? अभी तो देखा आपने.”

“पाह्यलं नाही. नाव वाचलं.”

सहा काचा आल्या. पहिल्या तिन्ही साध्या निघाल्या. चौथीत पेशी सुट्या सुट्या पडलेल्या, केंद्रकं एका कडेला सरकलेली, आत मीठ-मिरी भुरभुरल्यासारखे कण. मधूनच गोठल्यासारखा गुलाबी थर. खिडकीही होती एखादीत. ती इथेसुद्धा फसवायला येते, सर म्हणायचे. निवेदिताने काच सरकवली, परत आणली, परत पाहिली.

मेड्युलरी. हाही थायरॉइडचाच, पण पॅपिलरीहून चिवट. आणि हा कधी कधी रक्ताच्या नात्यातून पुढच्या पिढीत उतरतो. आईला निघाला तर लेकीलाही तपासावं लागतं.

तिने नखाने कागद सोलला. गोदावरी.

पहिला अहवाल फाडून तिने नवा लिहिला. भावनाने तो वाचला आणि उरलेल्या काचा उचलून नेल्या.

मागच्या गुरुवारी आरतीचं ताट मावशींच्या लेकीने, देवश्रीने धरलं होतं. वाऱ्याने ज्योत विझू नये म्हणून हनुवटी खाली करून, हाताचा आडोसा करून. तिचा गळा तेव्हा कोणी पाहिला होता?

निवेदिताने कोट खुंटीला अडकवला. खणातून एक कोरी चिठ्ठी काढून लिहिलं: देवश्री, वय बावीस. शाई वाळेपर्यंत थांबली. दोन्ही चिठ्ठ्या पर्समध्ये ठेवल्या, आईची वर, लेकीची खाली, पालथी. मग उन्हं उतरायच्या आत ती पायीच बूढापाऱ्याकडे निघाली.