आलेखातला सुळका

"आलीच परत!" दारातून आत पाऊल टाकताच सून म्हणाली आणि तिने बॅग कोचावर आपटली.

सासूबाई मटार सोलत होत्या. "कोण?"

"फाईल हो, आई. त्या खडूस परीक्षकाने पुन्हा परत पाठवली."

सासूबाईंनी मटारांची वाटी तिच्याकडे सरकवली. "आधी बस. मग घाल त्याला हव्या तेवढ्या शिव्या."

त्यांनी जन्मभर कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवलं होतं, पण कामाच्या गोष्टी घरात आणायच्या नाहीत, हा त्यांचा नियम होता. सुनेला मात्र सूट होती. नवरा कायम फिरतीवर, मग तिचं ऐकणार कोण?

सून एका संशोधन संस्थेत होती. फार वर्षांपूर्वी एका जहाजाने खोल समुद्राच्या तळात बोअर मारले होते आणि केबलला बांधून मोजमापाची उपकरणं आत सोडली होती. लाटांवर जहाज हललं की केबल हलायची, खोलीचा आकडा चुकायचा, आलेख वेडावाकडा व्हायचा. तो सगळा जुना पसारा सून संगणकावर नीट करायची आणि बाहेरचा परीक्षक तपासायचा. वशिलेबाजी नको म्हणून संस्थेने त्याचं नाव गुप्त ठेवलं होतं.

"एक सुळका होता मध्येच. कचरा म्हणून काढून टाकला," सून तणतणली. "तर म्हणतो, कचरा हे कशावरून ठरवलंत?"

"दुष्टच दिसतो," सासूबाई म्हणाल्या.

"आता पास झाली नाही, तर हा बोअर वगळूनच टाकतील. त्या जागी पुन्हा कुठलं जहाज जाणार आहे?"

"मग सोडू नकोस. फक्त रागात केलेलं काम सकाळी एकदा बघावं, इतकंच."

सकाळी तिने दुसऱ्या खेपेचा आलेख उघडला. त्या बोअरमध्ये उपकरण दोनदा सोडलं होतं. दुसऱ्या खेपेची खोली जुळत नव्हती, म्हणून तिने तो बाजूला टाकला होता. आता तो जरा वर सरकवून तिने पहिल्यावर ठेवला.

सुळका तिथेही होता. त्याच जागी, तेवढाच उंच.

कचरा दोनदा एकाच जागी येत नाही. शेजारच्या बोअरमधून वर काढलेल्या गाळात त्याच पातळीला ज्वालामुखीची राख सापडली होती. हा तोच थर होता, हातभर जाडीचा. तो ती पुसून टाकायला निघाली होती!

फाईल पास झाली. शेऱ्यात एकच शब्द होता.

"आई, त्याने 'छान' लिहिलंय!"

"लिहिलं का? चला, डोकं ताळ्यावर आहे म्हणायचं."

"आता शिव्या परत घ्याव्या लागतील."

"राहू दे गं. दिलेलं कुणी परत घेतं का?"

प्रकल्प संपला तेव्हा संस्थेने समारोप ठेवला. परीक्षकही येणार होते. प्रत्येकाला घरचं एक माणूस आणायची मुभा होती.

"तुम्ही येता, आई?"

"येते की. कपडे कालच इस्त्री करून ठेवलेत."

सभागृहात दोघी शेजारी बसल्या. सून मान वळवून वळवून पाहत होती. पुढच्या रांगेत जाड चष्म्याचे, टक्कल पडलेले एक गृहस्थ होते.

"आई, तोच असणार. चेहराच बघा ना."

"नाकावर राग आहे खरा."

"भेटून आभार मानणार आहे मी. तो नसता तर ती राख गेलीच होती."

"मान की. त्यालाही बरं वाटेल."

प्रमुखांनी माइक हातात घेतला. "या नोंदींवर आज डोळे मिटून भरवसा ठेवता येतो, तो ज्यांच्यामुळे, त्या आपल्या परीक्षकांनी कृपया मंचावर यावं."

टाळ्या सुरू झाल्या. सुनेने मान उंचावून त्या गृहस्थांकडे पाहिलं. तेही टाळ्या वाजवत होते.

सासूबाईंनी आपली पर्स तिच्या मांडीवर ठेवली.

"धर गं जरा," त्या म्हणाल्या आणि मंचाकडे निघाल्या.