कपाटातले पाहुणे

पर्यवेक्षिका मॅडम तपासणीला येणार म्हणून अंगणवाडीच्या कुंदाताईंनी कपाटातली खेळणी चटईवर मांडली आणि पोरांना बजावलं, "खेळा, पण हात लावू नका." मोडलेल्या खेळण्याचे पैसे मॅडम ताईंच्या मानधनातून कापत, म्हणून एरवी कपाटाला कुलूप असे.

पोरं हाताची घडी घालून खेळायला बसली.

"यातलं काय आवडतं गं?" मॅडमनी चार वर्षांच्या शिवन्याला विचारलं.

"हे पाहुणे आहेत," शिवन्या म्हणाली. "तुमच्याबरोबर येतात, तुमच्याबरोबर जातात."

लसीकरणाचे निरोप देत सकाळपासून गाव पालथं घातलेल्या ताईंना खुलासा करायचंही त्राण नव्हतं. मॅडमनी अवघडून चटईवरची एक मोटार उचलली. चाक निखळून त्यांच्याच हातात आलं.

"आता मॅडमचा पगार कापणार!" एक पोरगं ओरडलं.

मॅडमनी चाक परत बसवून पाहिलं, ते बसेना. "कापू दे," शेवटी त्या म्हणाल्या. "आजपासून मोडलं तर मोडलं. खेळा रे."

कुणीच हललं नाही. ताई गुडघ्यांवर हात टेकत खाली बसल्या आणि तीन चाकांवरची मोटार ढकलत दमल्या आवाजात म्हणाल्या, "घुर्रर्र..."

मागून एक बारीक "घुर्र" आलं.