चाळिसावं पोर

पंचावन्न साली कालव्याकाठच्या वस्तीवर हिवतापाचे डॉक्टर पोरांची पोटं चाचपत होते. चंद्राबाईनं शेवटी आपलं धाकटं पुढं केलं. लोणी भापकरच्या कोरड्या माळावर आजोळी वाढलेलं ते पोर कालच इथं आलं होतं.

"सायेब, हितं समद्या पोरांच्या डाव्या बरगडीखाली गाठ हाय. ह्यालाच न्हाय. जगंल न्हवं माझं लेकरू?"

डॉक्टरांचा हात त्या मऊ पोटावर तसाच राहिला. वहीतल्या एकोणचाळीस खुणांवरून त्यांनी पुन्हा नजर फिरवली.

"बाई," ते हळूच म्हणाले, "ती गाठ हिवतापाचीच खूण. चाळिसांत धडधाकट हे एवढंच आहे."

अख्खी वस्तीच आजारी असंल, हे चंद्राबाईच्या कधी मनातही आलं नव्हतं. तिनं वळून रांगेकडं पाहिलं. तिची थोरली दोघं अजून सदरे वर धरून हसत उभी होती.